पाचवी पायरी, चौथी पायरी : कोल्हापुरातील एका लेखकभेटीचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरात पुराची परिभाषा कोणाला समजावून सांगावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. शिवाजी पुलाच्या दगडी कमानींपाशी पाणी ठरावीक उंचीला टेकले की जुनी माणसे ‘मच्छिंद्री झाली’ एवढेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला पुढचे कळते. अशा शहरात, जुन्या पेठेतील ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काम करतो, त्याने निसर्ग आणि समाज या विषयांवरील मासिक व्याख्यानांसाठी नद्यांवर लिहिणाऱ्या एका लेखकांना फेब्रुवारी महिन्यात निमंत्रित केले. त्या संध्याकाळी प्रश्नोत्तरांच्या वेळी जे घडले आणि त्यानंतर तीन-चार महिने त्याचे जे पडसाद उमटले, त्यांची ही नोंद आहे. नोंद करणारा स्वतः त्या दिवशी सूत्रसंचालक होता आणि चूकही त्याचीच होती, हे आरंभीच सांगणे योग्य ठरेल.

वाचनालयाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण कार्यक्रमांची रीत तिथल्या परिस्थितीतून घडलेली आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी केली जाते आणि त्यानुसार अनुदान मिळते. तपासणीच्या वेळी पुस्तकांची संख्या, सभासद, वाचनकक्ष यांच्याबरोबर वर्षभरातील उपक्रमही दाखवावे लागतात. साहजिकच कार्यक्रम झाला याचा पुरावा, म्हणजे निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे, वर्तमानपत्रातील बातमीचे कात्रण, हा कार्यक्रमाइतकाच महत्त्वाचा होऊन बसतो. कोल्हापूरला व्याख्यानांची परंपरा जुनी आहे. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची, आणि दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात क्वचितच एखादी संध्याकाळ रिकामी जाते. त्या मानाने आमचे वाचनालय लहान आहे. साठ खुर्च्या मावतील एवढे सभागृह, एक पंखा नीट चालतो, एक चालत नाही. परंतु थाट मात्र मोठ्या सभागृहाचाच ठेवायचा, असा अलिखित दंडक आहे.

निसर्गविषयक व्याख्यानांत याआधी राधानगरीच्या गव्यांवर, देवरायांवर आणि पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावरील रानफुलांवर बोलणे झाले होते. राधानगरी अभयारण्याचा समावेश असलेल्या पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्या विषयाला श्रोते चांगले मिळतात. गव्यावरचे व्याख्यान ऐकून मंडळी आनंदाने घरी गेली; गव्याला उलट बोलता येत नाही, हेही त्या आनंदाचे एक कारण असावे. नदीचा विषय तसा नव्हता. श्रोत्यांपैकी निम्म्या लोकांच्या घरात ती येऊन गेलेली होती.

फेब्रुवारीतील संध्याकाळ

कार्यक्रम साडेपाचचा होता. सुरुवात सहा वाजून पाच मिनिटांनी झाली. पर्यावरणाचा विषय म्हणून दीपप्रज्वलनाऐवजी कुंडीतील रोपाला पाणी घालण्यात आले, ज्यासाठी व्यासपीठावरील पाचही मान्यवर एकाच तांब्याला हात लावून छायाचित्रासाठी थांबले. त्यानंतर प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल आणि श्रीफळ, परिसरातील दोन गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, देणगीदारांचे मनोगत असा क्रम झाला. लेखक बोलायला उभे राहिले तेव्हा सात वाजायला दहा मिनिटे होती.

त्यांचे भाषण उत्तम होते, यात शंका नाही. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखली येथे एकत्र येते आणि गुप्त सरस्वती धरून तिला पंचगंगा म्हणतात, ही शाळेत शिकलेली गोष्ट त्यांनी अशा रीतीने सांगितली की प्रत्येक नदीचा स्वभाव डोळ्यांसमोर उभा राहिला. गगनबावड्याकडे कोसळलेला पाऊस, राधानगरी धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे, नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला जागा न मिळून मागे पडणारा फुगवटा, हे सारे त्यांनी एका सूत्रात बांधले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांविषयी बोलताना पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढून नदीला वाट मोकळी करून देण्याच्या पद्धतीत किती शहाणपण आहे, हेही त्यांनी दाखवले. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा, म्हणजे पुराचे पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते तो प्रसंग, सांगताना सभागृह स्तब्ध झाले होते. भाषणाच्या ओघात त्यांनी असे विधान केले की, २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५६ फुटांच्याही पुढे गेली, तरी शहराच्या स्मरणात मात्र २०१९ चाच पूर मोठा म्हणून राहिला आहे. माणसाची आठवण आकड्यांवर चालत नाही.

सात वाजून चाळीस मिनिटांनी टाळ्या झाल्या. आठ वाजता सभागृह रिकामे करायचे होते आणि अध्यक्षीय समारोप व आभार शिल्लक होते. प्रश्नांसाठी मी दहा मिनिटे जाहीर केली. पहिला प्रश्न लेखनप्रेरणेचा होता. दुसरा कृष्णेवरच्या, कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा होता, तो कोल्हापुरात असणारच. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून एक वयस्कर बाई उठल्या. जयंती नाल्यालगतच्या गल्लीत त्या राहतात आणि नातवाला घेऊन वाचनालयात येतात, एवढीच माझी त्यांची ओळख होती. मी म्हणालो, “मावशी, प्रश्न थोडक्यात विचारा.”

त्या म्हणाल्या, “प्रश्न न्हाई माझा. सांगायचं हाय. आमच्या दारात एकोणीसला पाणी पाचव्या पायरीवर आलतं, एकवीसला चवथ्या. मग एकवीसचा पूर मोठा कसा?”

सभागृहात हलके हसू उमटले. मी घड्याळाकडे पाहिले आणि सांगितले की, वेळेअभावी केवळ प्रश्न घेता येतील, निवेदने घेता येणार नाहीत. त्या बसल्या. वास्तविक त्यांच्या बोलण्याच्या शेवटी प्रश्न होता आणि त्या संध्याकाळी विचारल्या गेलेल्या तिन्ही प्रश्नांत तोच सर्वांत नेमका होता. परंतु तो ‘सांगायचं हाय’ या शब्दांनी सुरू झाला आणि सूत्रसंचालकाच्या कानाला तेवढेच ऐकू आले. समारोपाला अकरा मिनिटे मिळाली.

पायरी उकरल्यावर

लेखक मुक्कामी होते. जिना उतरताना त्यांनी मावशींना गाठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी येण्याची परवानगी मागितली. मीही बरोबर गेलो, थोडासा अपराधी भावनेने.

घर गल्लीच्या चढावर आहे. दाराला पाच पायऱ्या दिसत होत्या. मावशींनी चौथ्या पायरीवर बोट ठेवून २०२१ चे पाणी दाखवले. भिंतीच्या गिलाव्यावर मातकट रेघ अजून होती. “आणि एकोणीसचं?” असे विचारल्यावर त्यांनी पाचवी, म्हणजे उंबऱ्याला लागून असलेली पायरी दाखवली. मात्र लगेच त्या थबकल्या, कारण २०१९ मध्ये उंबऱ्याला पाणी लागले नव्हते, हेही त्यांना पक्के आठवत होते. तेव्हा लेखकांनी विचारले, “मावशी, तेव्हा पहिली पायरी कुठली होती?”

या प्रश्नाचे उत्तर नातवाने दिले. २०१९ च्या पुरानंतर अंगणात मुरूम टाकून भराव केला होता. त्याने पहार आणून कडेचा मुरूम उकरला, तेव्हा वीतभर खोलीवर एक दगडी पायरी लागली आणि तिच्याखाली आणखी एक. म्हणजे घराच्या मूळ पायऱ्या सात होत्या. २०१९ मध्ये पाणी खालून पाचव्या पायरीवर होते. २०२१ मध्ये ते दिसणाऱ्या चौथ्या, म्हणजे मूळच्या सहाव्या पायरीवर होते. पाणी एक पायरी वर चढले होते आणि मोजणी एक पायरी खाली उतरली होती. मावशींची आठवण खरी होती, बंधाऱ्याजवळची पातळीही खरी होती. मधल्या काळात जमीन बदलली होती.

यात भाषणातील विधानालाही धक्का बसतो. शहराच्या स्मरणात २०१९ मोठा राहिला तो केवळ माणसाची आठवण हळवी असते म्हणून, असे लेखकांनी गृहीत धरले होते. निदान या एका घरापुरते तरी त्याचे कारण दोन पायऱ्या मुरमाखाली जाणे हे होते. गल्लीतील लोकांनी आणखी एक कारण सांगितले: २०१९ चे पाणी जास्त दिवस थांबले. ज्याच्या घरात चिखल आठवडाभर राहतो, तो पूर फुटांत मोजत नाही. लेखकांनी हे सारे तेथेच वहीत लिहून घेतले आणि ‘हे काल सभागृहात निघाले असते तर’ एवढे म्हणून ते थांबले. वाक्य त्यांनी पूर्ण केले नाही, पण त्याचा रोख मला समजला.

कार्यकारिणीत

पुढील बैठकीत मी हा सर्व वृत्तांत मांडला आणि पुढचा कार्यक्रम त्या गल्लीतच, तेथील तालमीच्या सभागृहात घ्यावा, आधी रहिवाशांनी बोलावे आणि लेखकांनी शेवटी बोलावे, असा प्रस्ताव ठेवला. विरोध अपेक्षेपेक्षा जास्त झाला आणि तो सर्वच्या सर्व पोकळ नव्हता. कोषाध्यक्षांचे म्हणणे असे की, माईक मोकळा सोडला की ज्याला बोलायचे आहे तो बोलत नाही आणि ज्याला निवडणूक लढवायची आहे तो बोलतो. दुसऱ्या एका सदस्यांनी विचारले की, मानधन आणि प्रवासखर्च देऊन लेखकांना बोलवायचे आणि त्यांना गल्लीतल्या लोकांचे ऐकायला बसवायचे, हा त्यांचा मान राखणे झाले का? या आक्षेपाला माझ्याकडे तेव्हा चांगले उत्तर नव्हते. आता असे वाटते की, उत्तर पायरीपाशीच मिळाले होते. ‘तेव्हा पहिली पायरी कुठली होती’ हा प्रश्न गल्लीतल्या कोणाला सुचला नव्हता, मला तर नव्हताच. तो अनेक नद्यांचे काठ पाहिलेल्या आणि लिहिताना शब्द पारखून घेणाऱ्या माणसाला सुचला. अशा माणसाला बोलवावे ते यासाठी, आणि त्याच्याकडून हे काम करून घ्यायचे तर त्याच्यासमोर सांगणारा माणूसही हवा. सत्कारांचा चाळीस मिनिटांचा भाग वगळण्याला मात्र बैठकीत कोणीच तोंडदेखलाही विरोध केला नाही, आणि तरी तो पुढच्याही कार्यक्रमात दहा मिनिटांपुरता परत आलाच.

अखेर प्रस्ताव एका अटीवर संमत झाला: बोलणाऱ्या सहा रहिवाशांशी आधी भेटून कोण काय सांगणार हे ठरवून घ्यावे, आणि प्रत्येक खूण मोजून घ्यावी.

मे महिन्यातील तालीम

मोजण्याचे काम हा या प्रकरणातील सर्वांत समाधानकारक भाग. गल्लीत न बदललेली एक जागा हवी होती, कारण रस्ता, गटार, जोते यांपैकी प्रत्येक गोष्ट गेल्या काही वर्षांत वर आली होती. मंदिराचा दगडी ओटा तसाच राहिला आहे यावर सर्वांचे एकमत झाले. गल्लीतील एका गवंड्याने पारदर्शक नळी आणली. नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन ठिकाणी धरली की पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर थांबते. बांधकामावर रोज वापरली जाणारी ही युक्ती घेऊन ओट्याची पातळी घराघराच्या भिंतीवर नेण्यात आली आणि तेथून पुराच्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजले. नोंदवहीत रकाने ठेवले ते असे: घर, पुराचे वर्ष, ओट्यापासून उंची, सांगणारा कोण, आणि ‘त्यानंतर जोते किंवा अंगण बदलले का’. शेवटचा रकाना मावशींच्या पायऱ्यांमुळे आला. मुले दोन रविवार या कामात रमली होती, आणि नळीतील बुडबुडा काढून टाकल्याशिवाय माप खरे येत नाही, हे त्यांना कोणी भाषणातून सांगावे लागले नाही. ज्या घरांत दोन्ही वर्षांच्या खुणा मिळाल्या, तेथे एक अपवाद वगळता २०२१ ची खूण वर निघाली. अपवाद नाल्याच्या तोंडाशी असलेल्या घराचा आहे. त्याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र आखल्याप्रमाणे पार पडला नाही. सहापैकी चार रहिवासी बोलले आणि फार चांगले बोलले. एकाने सुतारवाड्यातून दरवर्षी पहिल्यांदा लोक हलवावे लागतात, तेव्हा आपल्याकडे तयारी कधी सुरू करायची हे घरातले कसे ठरवतात, ते सांगितले. बंधाऱ्याच्या आकड्याआधी तेथून येणारा फोन त्यांना कळतो. पाचव्या वक्त्याने खुणा रंगाने भिंतींवर कायम कराव्यात, असे सुचवले आणि तेथून सभेचा रंग बदलला. घरमालकांपैकी दोघे उठले. भिंतीवर पुराची रेघ असलेले घर भाड्याने कोण घेईल आणि विकायचे झाले तर भाव काय येईल, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा यांवरून बांधकाम परवानग्यांचे काय होते, हे कोल्हापुरात सर्वांना माहीत आहे. त्यामुळे वाचनालयाची मोजणी ही पालिकेच्या मोजणीची पहिली पायरी आहे, असा संशय कोणी तरी बोलून दाखवला. आम्ही तो लगेच खोडून काढला, पण संशय खोडून जात नाही. मग भरावाचा विषय निघाला. चढावरच्या घरांनी अंगणे उंच केल्यापासून साध्या पावसाचे पाणीही उताराच्या घरांकडे वळते, पुराची वाट पाहावी लागत नाही, ही तक्रार गल्लीत कित्येक महिने साचलेली होती. कार्यक्रमपत्रिकेवर तो विषय कोठेही नव्हता. त्या संध्याकाळी सर्वांत जास्त वेळ त्यालाच गेला.

त्यानंतर कोषाध्यक्षांचे भाकीत खरे ठरले. परिसरातील एका होतकरू कार्यकर्त्याने माईक घेतला आणि अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याच्या कर्नाटकच्या प्रस्तावावर ते वीस मिनिटे बोलले. प्रश्न महत्त्वाचा आहे आणि आकडेही बरोबर होते; परंतु शेजारच्या अंगणातील मुरमावर बोलण्यापेक्षा दुसऱ्या राज्यातील धरणावर बोलणे सर्वांनाच सोपे जाते, हे तेव्हा लक्षात आले. भरावावरून रागावलेले दोन्ही गट त्यांच्या टाळ्यांत सामील झाले. लेखकांना शेवटी पंधरा मिनिटे उरली. त्यांनी तयार करून आणलेले भाषण बाजूला ठेवले आणि फक्त नोंदवहीतील तीन नोंदी वाचून दाखवल्या. नंतर चहाच्या वेळी त्यांनी मला सौम्यपणे सांगितले की, पुढच्या वेळी त्यांना केवळ ऐकायला बोलवायचे असेल तर तसे आधी कळवावे. ते आनंदाने येतील, पण त्यासाठी चार दिवस भाषण लिहिणार नाहीत. नियमित श्रोत्यांपैकी दोघांनी हा कार्यक्रम होता की गल्लीची मिटिंग, असे विचारले आणि पुढच्या दोन व्याख्यानांना ते आले नाहीत.

ज्यांच्यामुळे हे सारे सुरू झाले त्या मावशी तालमीत आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि साडेसहाला उठून गेल्या. त्यांची बोलण्याची पाळी तिसरी होती. त्यांच्या भागात नळाला पाणी त्याच वेळी येते, हे वक्त्यांची यादी करताना आम्ही विचारले नव्हते. गल्लीतील इतर बायकाही त्याच सुमारास उठल्या आणि सभागृहात उरलेल्यांत पुरुषच जास्त होते. भरावाचे भांडण त्यानंतर पेटले. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुपारी तीन वाजता, लेखकांशिवाय आणि माईकशिवाय, मंदिराच्या ओट्यावर पुन्हा बैठक घेतली. तेव्हा मावशी पाऊण तास बोलल्या आणि १९८९ च्या पुराच्या दोन खुणा त्यांनी सांगितल्या, ज्यांतील एक भिंत आता अस्तित्वात नाही. ती नोंद ‘मोजता आली नाही’ असा शेरा मारून वहीत घेतली आहे. त्या बैठकीचे छायाचित्र कोणी काढले नाही, त्यामुळे वार्षिक अहवालात ती उपक्रम म्हणून दाखवता येईल की नाही, यावर कार्यकारिणीत अजून चर्चा चालू आहे.

भिंतींवर रंग लावायचा नाही, असे ठरले. नोंदवहीची एक प्रत वाचनालयात आणि एक तालमीत ठेवली असून, ज्या दोन घरमालकांनी आक्षेप घेतला त्यांच्या घरांचे क्रमांक त्यांच्या विनंतीवरून काढून टाकले आहेत, उंची तेवढी राहू दिली आहे. व्याख्यानांच्या क्रमात आता प्रश्नोत्तरे भाषणाच्या मध्ये ठेवतो आणि ‘सांगायचं हाय’ म्हणणाऱ्याला तीन मिनिटे देतो. काही वेळा ती वाया जातात. वहीतला शेवटचा रकाना दर पावसाळ्यापूर्वी पुन्हा भरून घ्यायचा असे ठरले आहे. मावशींच्या अंगणात गेल्या महिन्यात मुरमाची आणखी एक ट्रॉली पडली असून आता दाराला चारच पायऱ्या दिसतात.